कातळशिल्पांचा एक दिवस: आधी उजेड ठरवा, मग रस्ता

सुट्टीत कोकणात गावी आलेली मंडळी निवांत नाश्ता करतात, अकराला गाडी काढतात, भर दुपारी सड्यावर, म्हणजे उघड्या सपाट कातळाच्या माळावर, उभी राहतात आणि "इथे काहीच नाही" म्हणून माघारी फिरतात. त्यांच्या पायापासून हातभर अंतरावर हत्तीचा पाय कोरलेला असतो. दोष नजरेचा नसतो, वेळेचा असतो.

कातळशिल्प लेण्यातल्या मूर्तीसारखं समोर उभं नसतं. ते पायाखाली, जमिनीच्याच पातळीत, जांभ्या दगडात कोरलेलं असतं. रेषा बऱ्याच ठिकाणी जेमतेम बोटभर खोल. रंग नाही, उठाव नाही. रेषेच्या काठाची सावली रेषेत पडली तर चित्र दिसतं, नाही पडली तर नुसता काळपट कातळ दिसतो. म्हणून या सहलीचं वेळापत्रक गूगल मॅपवरच्या अंतरांवरून नाही, सूर्यावरून लावायचं. पुढचे सगळे टप्पे या एका गोष्टीतून निघतात.

२०२२ साली कोकणातली नऊ ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली: रत्नागिरी जिल्ह्यातली उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं पणसायमळ. ही यादी हातात घेऊन लोक एका दिवसात चार-पाच ठिकाणं उरकायला निघतात. तसं करू नका. का, ते टप्पा ३ मध्ये येतंच.

## टप्पा १: महिना निवडा

नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारीचा मध्य, हा सगळ्यात चांगला काळ. सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, सावल्या लांब पडतात, हवा कोरडी असते आणि बहुतेक सड्यांवरचं गवत कापून झालेलं असतं.

पावसाळ्यात जाऊ नका. शेवाळलेल्या कातळावर पाय ठरत नाही आणि खळग्यांत पाणी भरलेलं असतं. शिवाय त्या दिवसांत सडा बारीक फुलांनी भरून जातो. ही झाडं बोटभर मातीच्या थरात उगवतात आणि बुटाखाली चिरडली की त्या वर्षापुरती संपली. ऑक्टोबरमध्ये गवत गुडघ्याच्या वर असतं. त्यात शिल्प झाकलं जातं आणि पायाखालचा खड्डाही.

मे महिन्यातच सुट्टी मिळते, तेव्हाच यायचं तर काय, असं मुंबईकर विचारतात. या, पण पहाटे उठायची तयारी ठेवून या. मेच्या पहिल्या पंधरवड्यात रत्नागिरीच्या अक्षांशावर सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो. उभ्या काठीची सावली नाहीशी होते, तिथे बोटभर खोल रेषेत ती कुठून पडणार?

## टप्पा २: वेळ सावलीवरून ठरवा

नियम सोपा आहे. आपली सावली आपल्या उंचीच्या दुपटीहून लांब असेल तर शिल्प उत्तम दिसतं. उंची आणि दुप्पट यांच्या मध्ये असेल तर शोधलं तर सापडतं. उंचीहून आखूड झाली की सड्यावरून उतरा.

ही वेळ रत्नागिरीच्या आसपास साधारण अशी येते:

- जानेवारीच्या मध्यावर: सकाळी उगवतीपासून सव्वानऊपर्यंत उत्तम. अकराच्या सुमारास सावली उंचीइतकी होते. दुपारी अडीचनंतर पुन्हा लांबायला लागते आणि सव्वाचारपासून मावळतीपर्यंत परत उत्तम.
- मेच्या दुसऱ्या आठवड्यात: सकाळी फक्त आठपर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर.

मोजायला काही लागत नाही. माणसाची उंची त्याच्याच साधारण साडेसहा पावलांइतकी भरते. सोबत्याला सरळ उभं करा, त्याच्या सावलीचं टोक खुणेनं लक्षात ठेवा आणि टाचेला अंगठा लावत त्यालाच आपली सावली मोजायला सांगा. तेरा पावलं किंवा जास्त भरली तर वेळ योग्य आहे.

तपासा: आदल्या रात्री हवामान बघा. आभाळ पूर्ण भरलेलं असेल तर उजेड चहूबाजूंनी सारखा येतो, सावलीच पडत नाही. अशा दिवशी देवळं बघा, किनाऱ्यावर जा, कातळशिल्पं दुसऱ्या दिवसावर ढकला.

## टप्पा ३: ठिकाणं दोनच घ्या

सकाळच्या उजेडात एक, संध्याकाळच्या उजेडात एक. उत्तम उजेड दिवसातून दोनदा दोन-दोन तास मिळतो आणि एक मोठं शिल्प नीट बघायला दीड तास सहज जातो. तिसरं ठिकाण घुसवलं की ते दुपारीच पडतं, म्हणजे न दिसणारं.

एका दिवसात जमतील अशा तीन जोड्या आहेत.

दक्षिणेची: कशेळी आणि देवीहसोळ. रत्नागिरीहून पावस, पूर्णगड करत खाडीपलीकडे गावखडी आणि पुढे कशेळी. दुपारी आडिवरे, संध्याकाळी भालावलीजवळचं देवीहसोळ. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी हीच जोडी सुचवते, कारण दुपार घालवायला वाटेत सावली आणि देवळं आहेत. पुढचे टप्पे याच मार्गावर लिहिले आहेत.

उत्तरेची: उक्षी आणि जांभरुण. उक्षीला कोकण रेल्वेचं स्टेशन आहे, पण तिथे मोजक्याच गाड्या थांबतात. गावकऱ्यांनी शिल्पाभोवती गडगा (दगडी कुंपण) आणि बघायला उंचवटा केला आहे, त्यामुळे वयस्कर माणसं आणि मुलं सोबत असतील तर हे ठिकाण सोयीचं. इथला हत्ती एका नजरेत मावतो. जांभरुणला मात्र आकृत्या पुष्कळ आणि विखुरलेल्या आहेत, तिथे वेळ राखून ठेवा.

राजापूरची: बारसू आणि देवाचे गोठणे. सडा मोठा, सावली नाही, वाटा एकमेकींसारख्या. स्थानिक माणूस बरोबर असल्याशिवाय जाऊ नका.

नेहमीची चूक: कशेळीला सकाळी शिल्प पाहून संध्याकाळी तिथल्याच देवघळी किनाऱ्यावरचा सूर्यास्त बघायचा बेत. देवघळी सुंदर आहे, पण सूर्यास्ताची वेळ आणि देवीहसोळच्या उजेडाची वेळ एकच. दोन्ही हवं असेल तर कशेळीत मुक्काम करा.

## टप्पा ४: आदल्या दिवशीची कामं

फोन दोन करायचे. पहिला गावातल्या कुणाला तरी. ओळखीचं कुणी नसेल तर ग्रामपंचायतीत विचारा, शिल्प दाखवायला येणारी माणसं बऱ्याच गावांत आहेत. त्यांना वेळ स्पष्ट सांगा: "सकाळी साडेसातला सड्यावर पोचायचंय." नुसतं "सकाळी येतो" म्हटलं तर ते दहा धरून चालतील, कारण बाकीचे सगळे दहालाच येतात. किती पैसे द्यायचे तेही तेव्हाच विचारून घ्या.

दुसरा फोन जेवणाचा. या पट्ट्यात ऐनवेळी गेलं तर जेवण मिळेलच असं नाही. घरगुती खानावळीत माणसं किती, शाकाहारी की मासे, आणि किती वाजता, हे आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं. दुपारी दोनला उपाशी राहून सगळ्यांचा जीव कावला की संध्याकाळचं ठिकाण रद्द होतं.

पिशवीत हे हवं:

- पाणी माणशी तीन लिटर. सड्यावर विहीर नाही, टपरी नाही.
- घोटा झाकणारे बूट, फुल पँट, काठाची टोपी.
- काळी किंवा गडद छत्री आणि चांगली बॅटरी. दोन्ही शिल्प बघायलाच लागणार आहेत, टप्पा ७ बघा.
- वही आणि पेन्सिल. हे सोडू नका.
- सुटे पैसे. रेंज नसली की मोबाइलवरून पैसे जात नाहीत.
- कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी.

गाडीत पेट्रोल रत्नागिरीतच भरून घ्या. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा. आणि सगळ्यांना सांगून ठेवा की सड्यावर स्वच्छतागृह नाही, निघायच्या आधी आणि मग थेट जेवणाच्या ठिकाणी. बायकांना याचा त्रास जास्त होतो आणि आधी सांगितलं नाही तर त्या पाणी प्यायचं टाळतात. उन्हात ते धोक्याचं आहे.

## टप्पा ५: पहाटे निघा, गावात हळू शिरा

जानेवारीत सूर्य सातच्या थोडं नंतर उगवतो. रत्नागिरीहून सहाच्या आत निघालात तर पहिला तिरपा उजेड हाती लागतो. रस्ता वळणांचा आहे, पहाटे धुकं असू शकतं, घाई करू नका. नाश्ता डब्यातून घ्या. वाटेत मिसळीला थांबलात की पाऊण तास गेला, आणि हा पाऊण तास दिवसातला सगळ्यात महागाचा आहे.

गावात गाडी देवळाजवळ किंवा शाळेच्या मैदानाशी, विचारून लावा. रस्ता अरुंद, त्यात एसटी वळवायची जागा ठरलेली असते. तिथे गाडी उभी केली तर अख्ख्या वाडीची सकाळ अडते.

बहुतेक शिल्पं खाजगी जमिनीत आहेत. त्यामुळे अंगणात कुणी दिसलं की थांबून सांगा: "काकू, सड्यावरची चित्रं बघायला आलोय. गाडी इथे लावली तर चालेल ना? वर जाऊ ना?" एवढं विचारलं की बहुतेक वेळा वाटही दाखवली जाते आणि परतताना पाणीही मिळतं. न विचारता गेलेल्यांमुळे काही गावं आता परक्या गाड्या बघून आक्रसायला लागली आहेत, आणि त्यांचं चुकत नाही.

सावधान: बेडं (कुंपणाचं फाटक) उघडून आत गेलात तर मागे लगेच लावून घ्या. उघडं राहिलं की गुरं आंब्याच्या कलमांच्या बागेत शिरतात. हंगामात बागेतून आडवी वाट काढू नका. मोहोरावर फवारणी झालेली असते आणि राखणदाराला तुम्ही पाहुणे की चोर ते लांबून कळत नाही.

## टप्पा ६: सड्यावर पाय ठेवल्यावर

आधी पायाखाली बघा. सड्यावर जागोजाग चिरेखाणी, म्हणजे जांभ्याचे चिरे काढायच्या खाणी, आहेत. सरळ कापलेल्या, खोल, काठाला कुंपण नसलेल्या. जुन्या खाणींच्या काठावर गवत वाढतं आणि खड्डा दहा पावलांवरूनही कळत नाही. मुलांचा हात सोडू नका आणि मागे सरकत फोटो काढू नका.

दुसरी गोष्ट फुरसं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कातळावर हा विषारी साप बऱ्यापैकी आढळतो. लहान असतो, कातळाच्या रंगात मिसळतो, दिवसा सुट्या दगडांखाली बसतो आणि तिन्हीसांजेनंतर हिंडतो. दगड उचलून बघू नका, गडग्याच्या फटीत हात घालू नका, बसायच्या आधी जागा नीट बघा. दंश झालाच तर कापू नका, आवळून बांधू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. माणसाला शांत ठेवा, दंशाचा हात किंवा पाय हलू देऊ नका, १०८ ला फोन करा आणि जवळच्या सरकारी रुग्णालयात न्या. त्याला चालवू नका, उचलून न्या. फुरशाच्या विषावर प्रतिविष आहे, पण ते वेळेत मिळालं पाहिजे.

तिसरी दिशा. देवाचे गोठणे इथे शिल्पाजवळ होकायंत्राची सुई भलतीकडे वळते. फोनमधलं होकायंत्रही तसलंच, तेव्हा तिथे त्याच्या भरवशावर वाट शोधू नका. गाडीपासून निघताना सूर्य कोणत्या हाताला होता आणि लांबवर कुठलं झाड किंवा टॉवर दिसत होता, ते लक्षात ठेवा.

तपासा: परतीची वाट एकदा मागे वळून बघून घ्या. जाताना दिसणारा सडा आणि येताना दिसणारा सडा वेगळा असतो.

## टप्पा ७: शिल्प वाचा

इथे वेळ द्या. मंडळी जागेवर पोचतात, पण पाहण्याचा क्रम चुकल्यामुळे पुष्कळ काही हुकतं.

आधी थांबा. शिल्पाभोवती दगड मांडलेले असतील किंवा कठडा असेल तर त्याच्या बाहेर उभे राहा. काही नसेल तर वाटाड्याला हद्द विचारा आणि तोवर एकही पाऊल पुढे टाकू नका. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे, आणि त्याच्या अंगात मासे आणि इतर प्राणी कोरलेले आहेत. लोक थेट आत शिरतात, एक मासा सापडतो, त्याचा फोटो काढतात आणि परततात. आपण हत्तीच्या पोटात उभे होतो हे त्यांना घरी गेल्यावर कळतं.

मग बाहेरून पूर्ण फेरी मारा. फेरीत दोनदा थांबा: एकदा सूर्य पाठीशी असताना, एकदा सूर्य समोर असताना. सूर्य समोर असताना रेषेची जी बाजू आपल्याला दिसते ती सावलीतली असते, त्यामुळे रेषा काळी उमटते. डोळ्यांवर तिरीप येते, म्हणून टोपी खाली ओढा. बहुतेक लोक सवयीनं सूर्य पाठीशी घेऊन बघतात, फोटोला तो बरा म्हणून. कातळशिल्पाला ती सगळ्यात कच्ची बाजू आहे.

आता एकच खात्रीची रेषा पकडा. अख्खं चित्र एकदम शोधू नका. कशेळीला पायांपासून सुरुवात करणं सोपं जातं. पायाची एक रेषा मिळाली की नजर तिच्यावरून सरकवत न्या. रेषा मध्येच तुटेल. तिथे थांबा आणि दोन पावलं बाजूला सरका. कोन बदलला की पुढचा तुकडा उमटतो. उजेडाच्या दिशेला समांतर जाणारी रेषा दिसतच नाही, कारण तिच्यात सावली पडायला जागा नसते. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेकडून वर येतो आणि नैऋत्येकडे खाली जातो. त्यामुळे सकाळी हरवलेली रेषा संध्याकाळी दिसू शकते, आणि उलटही.

खोदलेली रेषा आणि जांभ्याची नैसर्गिक भेग यांत गल्लत होते. हे असं ओळखा: भेग वाकडीतिकडी जाते, रुंदी बदलते, कडा धारदार असतात. कोरलेल्या रेषेची रुंदी बऱ्यापैकी सारखी राहते, वळण ठरवून घेतलेलं असतं आणि कडा झिजून गोलसर झालेल्या असतात. खाली बसून, डोळे कातळाच्या जवळ नेऊन बघितलं की हा फरक चटकन कळतो. रेषेच्या तळाशी साचलेली माती आणि त्यात उगवलेलं वीतभर सुकं गवत कधीकधी रेषेचाच माग काढून देतं. ते उपटू नका, माती खरवडू नका. त्या मातीखाली काय आहे ते उत्खनन करणाऱ्यांनी बघायचं आहे.

वहीत काढा. चित्रकला येत नसली तरी चालेल. हत्तीची पाठ, सोंड, चार पाय, एवढं पेन्सिलीनं काढायला घेतलं की डोळे विचारायला लागतात: दुसरा पाय कुठून सुरू होतो? सोंड आत वळली की बाहेर? फोटो काढून हे प्रश्न पडत नाहीत. मुलांना तर पहिल्या पाच मिनिटांतच वही द्या. त्यांना मोठ्यांच्या आधी रेषा दिसतात, हे पुष्कळदा बघितलं आहे.

छत्री आणि बॅटरी. उजेड थोडा वर चढला असेल तर ही युक्ती वापरा. छत्री उघडून शिल्पाच्या कडेच्या एखाद्या तुकड्यावर गडद सावली करा. दुसऱ्या माणसानं बॅटरी कातळापासून वीतभर उंचीवर, जवळजवळ जमिनीला समांतर धरायची आणि हळूहळू बाजू बदलायची. न दिसणारी रेषा एकदम उठून येते. माशाचे कल्ले, शेपटीचं टोक असे बारकावे बघायला हा उपाय उत्तम आहे. हेसुद्धा हद्दीच्या बाहेर राहूनच, हात पोचेल तेवढ्याच भागावर करायचं.

सावधान: रेषांवर पाय देऊ नका, अनवाणीसुद्धा नाही. जांभा कठीण वाटतो पण सच्छिद्र आहे, कडा भुरभुरतात. हजारो वर्षं ऊन-पावसात टिकलेली कड शंभर बुटांखाली टिकणार नाही.

## टप्पा ८: फोटो, पण खडूशिवाय

खडू, चुना, रांगोळी, पीठ, कोळसा, यांतलं काहीही रेषेत भरायचं नाही. लोक सद्हेतूनं भरतात, फोटोत नीट यावं म्हणून. पण चुना जांभ्याच्या छिद्रांत बसतो आणि वर्षानुवर्षं निघत नाही. त्याहून वाईट म्हणजे भरणारा आपल्या अंदाजानं रेषा जोडतो. नंतर येणारा ती जोडलेली रेषाच खरी समजतो आणि चित्र कायमचं बदलतं. पाणी ओतणंही नको. ओलाव्यावर शेवाळ धरतं, मग ते काढायला कुणीतरी ब्रश घेऊन घासतो.

वाटाड्यानंच खडू पुढे केला तर? नम्रपणे नाही म्हणा: "दादा, खडू नको, आम्ही थांबतो, उजेडात दिसेल." त्यांनाही बहुतेकदा घाईच्या पाहुण्यांनीच ही सवय लावलेली असते. तुम्ही थांबलात, दाखवा म्हणालात, की ते बोटानं रेषेमागून रेषा दाखवतात. मग खडूची आठवण कुणालाच होत नाही.

चांगला फोटो उंचीवरून येतो. सेल्फी स्टिक पूर्ण लांब करून डोक्यावर धरा आणि टायमर लावा. आकाराचा अंदाज यावा म्हणून माणूस उभा करायचा तर हद्दीबाहेर करा. तुमची सावली चित्रावर पडू देऊ नका, उत्तम उजेडात ती तेरा पावलं लांब असते हे विसरायला होतं. ड्रोन उडवायचा असेल तर सरकारी नियम आधी बघून घ्या आणि जमीनमालकाची आणि ग्रामपंचायतीची परवानगी घ्या.

## टप्पा ९: दुपार

साडेदहा-अकराला सड्यावरून उतरा. कशेळीतच कनकादित्याचं मंदिर आहे, पुढे आडिवऱ्याला महाकालीचं. दोन्हीकडे सावली आहे, बसायला जागा आहे. रथसप्तमीला कनकादित्याचा उत्सव असतो, त्या दिवसांत गाडी लावायलाही जागा मिळत नाही आणि गावातलं कुणी वाट दाखवायला मोकळं नसतं. दर्शनाला म्हणूनच जायचं असेल तर मात्र जरूर जा.

जेवा, सोलकढी प्या, तासभर आडवे व्हा. सकाळच्या वहीतलं चित्र पुन्हा एकदा बघा, कोणती रेषा अर्धवट राहिली ते लिहून ठेवा. साडेतीनला निघायचं.

## टप्पा १०: संध्याकाळचं ठिकाण आणि परत

देवीहसोळचं शिल्प आर्यादुर्गा मंदिराच्या परिसरात आहे आणि गावाच्या श्रद्धेचा भाग आहे. आधी देवळात जा, तिथल्या माणसांना विचारा, चपला-बूट कुठे काढायचे ते तेच सांगतील. "हे देवीचं नाही, अश्मयुगातलं आहे" असा वाद तिथे घालू नका. त्या जागेला लोकांनी मान दिला म्हणून ती खाणीत गेली नाही.

इथे बघायची रीत सकाळपेक्षा वेगळी. कशेळीला प्राण्याची बाह्यरेषा शोधायची होती, इथे चौकोनी चौकट आहे आणि आत भौमितिक नक्षी. पाय-सोंड शोधत बसलात तर काहीच लागणार नाही. आधी चौकटीचे चार कोपरे पक्के करा. मग एका कोपऱ्यापासून आतल्या दिशेनं रेषा मोजत जा. एका बाजूला जे दिसतं तसं समोरच्या बाजूला आहे का, ते ताडून बघा. उजेड साडेचारपासून दर दहा मिनिटांनी बदलतो. एकाच जागी बसून राहिलात तरी नवी रेषा उगवताना दिसते, त्यामुळे इथे फेऱ्या कमी मारा आणि बसा जास्त.

जानेवारीत सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो आणि त्यानंतर पुरता काळोख व्हायला अर्धा तासही लागत नाही. सूर्य टेकायच्या आत सामान आवरा, माणसं मोजा आणि बॅटरी पिशवीतून हातात घ्या. फुरशाची वेळ हीच. गाडीपर्यंत सगळे एका रांगेत, वाटाड्याच्या मागून चाला.

तपासा: पाण्याच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटं, फळांच्या साली, सगळं परत घेतलंत का? सालींवर गुरं येतात आणि त्यांचे खूर रेषांवर पडतात.

आणखी एक. हिंडताना यादीत नसलेली, कठडा नसलेली एखादी रेषा दिसली, जिथे वाटाड्यालाही काही ठाऊक नाही, तर तिला हात लावू नका, साफ करू नका. दूरचा एक आणि जवळचा एक असे दोन फोटो काढा, फोनमध्ये ठिकाण नोंदवून ठेवा आणि आधी जमीनमालकाला, मग ग्रामपंचायतीला आणि राज्य पुरातत्त्व विभागाच्या रत्नागिरीतल्या कार्यालयाला कळवा. त्यांची माणसं येऊन बघेपर्यंत तो फोटो समाजमाध्यमांवर टाकू नका, आणि टाकायचाच तर गावाचं नाव आणि फोटोतलं ठिकाण काढून टाका.